दोनशे चौदा शांतता

१

ज्या कुणी हे केलं आहे, त्यानं दोनशे चौदा माणसांना फसवलं आहे. तीही अशी माणसं, जी आता तोंडानं तक्रारसुद्धा करू शकत नाहीत.

ही दोन वाक्यं मी सोमवारी सकाळी मोठ्या अक्षरांत छापली आणि पाण्याच्या फिल्टरशेजारच्या फळ्यावर लावली. नाव लिहिलं नाही. नाव न लिहिणं मला तेव्हा मोठेपणाचं वाटलं होतं. आमच्याकडे रेकॉर्डिंग करणारा माणूस मुळात एकच. त्यामुळे नाव न लिहून मी त्यांच्यावर काय उपकार केले, देव जाणे.

आमच्या संस्थेला सगळे आवाजपेढी म्हणतात. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार असतो, ती माणसं त्याआधी आमच्याकडे येतात. बंद खोलीत बसून तीनशे वाक्यं वाचतात. त्या वाक्यांवरून संगणक त्यांचा आवाज बांधतो. पुढे ते टॅबवर लिहितात आणि टॅब त्यांच्या आवाजात बोलतो. अगदी हुबेहूब नाही. पण घरातलं माणूस दुसऱ्या खोलीतून ऐकून ‘ओ’ देईल, इतपत.

माझं काम त्या रेकॉर्डिंगच्या प्रती सांभाळण्याचं, म्हणजे बॅकअपचं. नोकरीला चार महिने झाले होते. माझ्या आधीचा माणूस काळ्या पडद्यावर काहीतरी टाइप करून बॅकअप घ्यायचा. काय टाइप करायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. तो रजेवर गेला की सगळी संस्था देवाच्या भरवशावर चालायची. मला अशा गोष्टींची चीड आहे. जे सगळ्यांचं आहे ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. म्हणून मी पहिल्याच महिन्यात त्याच सॉफ्टवेअरवर तयार मिळणारा नवा पडदा चढवला. डावीकडे माणसांचे फोल्डर, उजवीकडे हिरव्या खुणा, खाली दोन ठळक बटणं: ‘आत्ता प्रत घ्या’ आणि ‘परत आणा’. रोज दुपारी एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, बॅकअप आपोआप चालायचा. सुट्टी संपली की मी येऊन हिरवी खूण बघायची. झालं माझं काम.

त्या सोमवारच्या आदल्या आठवड्यात त्या पडद्यावर मला ‘नकाशा’ नावाचं बटण सापडलं. एवढे दिवस मी ते दाबलं नव्हतं. दाबलं.

२

हे सॉफ्टवेअर जागा वाचवतं. फाइलचे तुकडे करतं आणि तोच तुकडा पुन्हा आला तर दुसऱ्यांदा ठेवत नाही. आधीच्या तुकड्याकडे बोट दाखवून मोकळं होतं. नकाशात प्रत्येक तुकडा म्हणजे एक लहान चौकोन. ज्याच्याकडे जास्त बोटं, तो जास्त गडद.

आमच्या नकाशात हजारो फिके चौकोन होते. साहजिकच आहे. दोन माणसांचे आवाज सारखे नसतात. एकच माणूस एकच वाक्य दोनदा वाचतो तेव्हाही ते सारखं येत नाही.

आणि मधोमध एक चौकोन काळाकुट्ट होता.

क्लिक केलं. त्याच्याकडे दोनशे चौदा बोटं होती. संस्था सुरू झाल्यापासून आलेल्या प्रत्येक माणसाच्या फोल्डरमधून एक. फाइलचं नाव सगळीकडे तेच: ‘खोलीची शांतता’.

ही भानगड काय ते मला माहीत होतं. माणूस आत बसण्याआधी रिकाम्या खोलीचं एक मिनिट रेकॉर्डिंग करायचं असतं. नळीच्या दिव्याची गुणगुण, लिफ्टची घरघर, खालच्या रस्त्याची कुजबुज, जे काही भिंतीतून झिरपतं ते त्यात येतं. मग माणसाच्या आवाजातून संगणक ते वजा करतो. प्रत्येकाच्या वेळी नवं मिनिट हवं, कारण खोली रोज वेगळी असते. दोन वेगळ्या मिनिटांची शांतता तंतोतंत सारखी असूच शकत नाही. समुद्राच्या दोन लाटा सारख्या असतील का?

म्हणजे उत्तर उघड होतं. पहिल्या माणसाच्या वेळी एकदाच शांतता भरली आणि नंतर कुणीतरी अकरा वर्षं तीच फाइल चिकटवत राहिलं. कामचुकारपणा, दुसरं काय!

३

“हा कागद माझ्यासाठी आहे का गं?”

दारात काका उभे होते. रेकॉर्डिंगवाले काका. हातात चष्मा, काखेत हेडफोन. ते हेडफोन जेवतानाही त्यांच्या काखेतच असतात.

“कुणाचं नाव लिहिलेलं नाही,” मी म्हटलं.

“हो ना. पत्ता तेवढा बरोबर लिहिलायस.”

मी त्यांना खुर्ची दिली आणि नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा लावून काळा चौकोन निरखला. मग म्हणाले, “इंजिनीअरबाई, मी रोज नवं मिनिट भरलंय. माझ्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा.”

“मग हे काय आहे?”

“ते तुझ्या चौकोनाला विचार. मला काय विचारतेस?”

“काका, माझ्यासमोर करून दाखवाल?”

हे मी ज्या सुरात म्हटलं तो सूर आठवला की आजही मला लाज वाटते. परीक्षेत कॉपी पकडल्यासारखा होता तो.

काका उठले. ती खोली मजल्याच्या टोकाला आहे. आत एक खुर्ची, एक माइक, वाक्यं दाखवणारा एक पडदा. भिंतींना राखाडी फोम. खिडकी नाही, बाहेरच्या माणसाला बघता यावं म्हणून जाड काचेचा एक चौकोन, बस्स. खुर्चीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर, फोम दबलेला होता. रोज कुणी पाठ टेकून बसावं तसा. ‘फोम जुना, बदलणे’ असं मी माझ्या यादीत आधीच लिहून ठेवलं होतं.

काकांनी दार उघडलं, आत डोकावले आणि रिकाम्या खोलीला म्हणाले, “एक मिनिट शांत राहायचं हं. हलायचं नाही.”

मला हसू आलं. “कुणाला सांगताय?”

“सवय आहे.”

दार लावलं. बटण दाबलं. काचेतून मी रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले. साठ सेकंद. संपताच मी माझ्या टेबलाकडे पळाले. मला पुरावा हवा होता. मागे काका पुन्हा दार उघडून काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, मला शिव्या देताहेत. द्यायलाच हव्या होत्या.

‘आत्ता प्रत घ्या’. पट्टी भरली. हिरवी खूण आली. तिच्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: नवीन काही नाही.

काळ्या चौकोनाकडे आता दोनशे पंधरा बोटं होती.

काका माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले होते. “आता काढतेस का तो कागद?”

“काका, तुमच्या मशीनमध्येच काहीतरी घोळ असेल. तपासल्याशिवाय कसा काढू?”

त्यांनी चष्मा पुसला. डोळ्यांवर ठेवला नाही, खिशात ठेवला. “तपास,” म्हणाले. “मी दोन दिवस रजेवर आहे. अकरा वर्षांत घेतली नव्हती. आता घेतो.”

४

मंगळवारी मी तपासलं.

माइक बदलला, वायर बदलली आणि रिकाम्या खोलीची शांतता तीनदा भरली. तीन वेगळ्या फाइली आल्या, जशा यायला हव्यात तशा. एकीत लिफ्ट होती, एकीत बाहेरच्या ट्रकचा भोंगा अगदी पुसट होता. नकाशात तीन फिके, निरोगी चौकोन उमटले. मला हायसं वाटलं. म्हणजे मशीन ठीक होतं आणि काका खोटं बोलत होते.

पण ते माझ्यासमोर खोटं कसे बोलले असतील? सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं.

कॉलेजात आम्हाला एक गोष्ट घोकून घेतली होती: प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सोमवारी आणि मंगळवारी एकच फरक होता, आणि तो मला कागदावर लिहायचीही लाज वाटत होती. शेवटी लिहिला. ‘खोलीला सांगितलं’ आणि ‘खोलीला सांगितलं नाही’. दोन रकाने. मग ते पान फाडून टाकलं.

बुधवारी सकाळी नऊला मास्तर यायचे होते.

५

मास्तर गाडी शिकवायचे. एकतीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून त्यांनी अर्ध्या गावाला क्लच सोडायला शिकवलं. गुरुवारी सकाळी आठला त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. त्यानंतर त्यांना स्वतःच्या आवाजात काही बोलता येणार नव्हतं. बुधवारी संध्याकाळी सहाला दवाखान्यात भरती व्हायचं होतं. म्हणजे जे काय वाचवायचं ते आजच.

“आज मी गाडी चालवत आणलं यांना,” काकू, म्हणजे त्यांची बायको, जिना चढून आल्या आल्या म्हणाल्या. “आणि रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, ऑपरेशन झालंच.”

“बोलून काय करू?” मास्तरांचा आवाज खरखरीत होता, वाळूवर पाय घासावा तसा. “तिसरा गिअर तू दुसऱ्यातच शोधत होतीस. म्हटलं, शोधू दे. सापडला तर सापडला.”

तीनशे वाक्यांपैकी वीस प्रत्येकाला स्वतःची देता येतात. बहुतेक जण ‘जेवलीस का’, ‘काळजी घे’ असं काहीतरी देतात. मास्तरांची यादी मी वाचली. क्लच सोड. अगं सोड. अजून सोड. आरशात बघ, स्वतःला नाही, मागच्याला. दमानं घे, रस्ता कुठे पळून जात नाही.

“ही शेवटची घरीही चालते,” काकू म्हणाल्या. हसल्या, आणि हसता हसता खिडकीकडे वळल्या.

काका असते तर हेडफोन लावून काचेपाशी बसले असते आणि एकेक वाक्य ऐकून “पुन्हा एकदा, मास्तर” असं म्हटलं असतं. मला ते कायमच वेळखाऊ वाटायचं. बटण दाबायचं, वाक्य वाचायचं, पुढचं बटण. यात मधे माणूस कशाला? मी तसा सोपा पडदा बनवूनच ठेवला होता. मास्तरांना तो दाखवला. त्यांना लगेच समजला.

आधी शांतता. मी खोलीचं दार उघडलं. आजूबाजूला कुणी नाही हे बघितलं. मग हळूच, स्वतःलाच ऐकू जाईल इतपत, म्हटलं, “एक मिनिट शांत राहायचं हं. हलायचं नाही.”

प्रयोग म्हणून.

दार लावलं. साठ सेकंद. मग मास्तरांना म्हटलं, “बसा आत,” आणि मी माझ्या टेबलावर गेले. मधूनमधून मान वर करून काचेतून बघत होते. त्यांचे ओठ हलत होते, बोट बटणावर पडत होतं. मधेच त्यांचा डावा पाय जमिनीवर दाबला जायचा. क्लचचं वाक्य आलं असावं.

साडेदहाला ते बाहेर आले. घामाघूम.

“काय खोली आहे हो तुमची! मला माझाच आवाज ऐकू येईना. म्हटलं, उद्याचा आजच गेला की काय!”

“फोममुळे तसं वाटतं,” मी म्हटलं. “आवाज परत येत नाही ना भिंतीवरून, म्हणून.”

मला ते कारण खरंच पटलं होतं. कारण सांगता आलं की मला सगळं पटतं.

६

एक वाजता बॅकअप चालला. दीडला डबा संपवून मी पडद्यापाशी आले. हिरवी खूण होती.

नवीन काही नाही.

आधी मला वाटलं, मास्तरांचा फोल्डरच निवडायचा राहिला. नव्हता राहिला. आत तीनशे एक फाइली होत्या. नकाशा उघडला. काळ्या चौकोनाकडे पाचशे सोळा बोटं.

मी मूळ फाइली बघितल्या. प्रत चुकीची असेल, मूळ तरी बरोबर असेल, एवढीच आशा होती. प्रत्येक वाक्याची फाइल एक मिनिटाची होती. ‘क्लच सोड’ एक मिनिट. ‘पाणी दे’ एक मिनिट. तीनशे मिनिटं म्हणजे पाच तास. मास्तर आत बसले होते दीड तास.

मी एक ऐकली. शांतता होती. दुसरी. शांतता. आवाज पूर्ण वाढवला. मुकं मशीनसुद्धा थोडं सूं करतं; ही शांतता तशी नव्हती. वर्गात शिक्षिका नुसती बघत उभी असते तेव्हाची जी असते, ती. कुणीतरी प्रयत्न करून ठेवलेली.

मी हेडफोन काढून टाकले.

मग जे माझ्यासारखं शिकलेलं माणूस करील ते सगळं मी केलं. वायर तपासली. डिस्क तपासली. काकांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. शेवटी स्वतः आत जाऊन खुर्चीवर बसले, बटण दाबलं आणि वाचायला सुरुवात केली.

माझे ओठ हलले. घशात थरथर झाली. कानांपर्यंत काहीच आलं नाही. टाळी वाजवली. तळहात झणझणले, बाकी काही नाही. डोक्यावरचा नळीचा दिवा एरवी गुणगुणतो. तोही गप्प होता. आणि माझ्या पाठीमागे, डावीकडे, असं वाटत होतं की कुणीतरी माझ्याहून जास्त गप्प आहे.

मी मागे वळून बघितलं नाही. सावकाश उठले आणि बाहेर आले. दार लागताच रस्त्याचा आवाज अंगावर आदळला.

दोन वाजले होते. चार तासांनी मास्तर भरती होणार होते. त्यांचा एकही शब्द आमच्याकडे नव्हता, आणि परत आणायला प्रतही नव्हती. ज्या एका गोष्टीसाठी मी या नोकरीत आले, तीच.

७

“ताई, काका कुठेत आज?”

झाडलोट करणाऱ्या मावशी बादली घेऊन उभ्या होत्या. मी काहीतरी बोलले असेन.

“नाही, म्हटलं, ते ‘झालं’ म्हणायला विसरले वाटतं. अकराला मी खोली झाडायला गेले, तर झाडूच वाजेना. मग मुकाट बाहेर आले.”

“काय म्हणायला विसरले?”

“‘झालं’ हो. रोज म्हणतात की. आधी म्हणतात, एक मिनिट शांत राहायचं. मिनिट सरलं की दार उघडून म्हणतात, झालं हं, सोडा श्वास.”

सोमवारचं ते पुटपुटणं. मी टेबलाकडे धावत होते तेव्हाचं.

“मीच म्हटलं सकाळी,” मी म्हणाले. “पहिलं. दुसरं नाही म्हटलं.”

मावशींनी बादली खाली ठेवली. “एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि अर्धंच म्हटलंत? नऊ वाजल्यापासून?”

त्यांच्या आवाजात भीती नव्हती, आणि तेच मला सोसेना. कुणाचं पोर शाळेच्या दारात उभं ठेवून मी विसरून गेले, असा तो सूर होता.

मी त्यांना काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण उत्तर मिळालं असतं.

८

खोलीपर्यंत पंचवीस पावलं आहेत. मी स्वतःला समजावत गेले. दमट हवेमुळे माइक बिघडतो. आवाज शोषणाऱ्या खोलीत कानांना भ्रम होतो. मावशींनी झाडू ओला नेला असेल. प्रत्येक कारण दोन-तीन पावलं पुरलं. दाराशी पोचले तेव्हा हाताशी एकच आकडा उरला होता: पाच तास. नऊ ते दोन. मास्तरांच्या फाइलींची लांबीही तेवढीच.

दार उघडलं. उंबऱ्यावरच उभी राहिले. रिकामी खुर्ची. माइक. पडद्यावर माझं अर्धवट वाक्य.

“झालं हं,” मी म्हटलं.

ऐकू आलं नाही. मी पुन्हा, पोटापासून, म्हटलं, “झालं. माफ करा, उशीर झाला. सोडा श्वास.”

आधी दिवा गुणगुणायला लागला. मग लिफ्टची घरघर आली, मग खाली कुठेतरी गाडीचं दार. आवाज एकेक करून परत येत होते, सुट्टीनंतर मुलं वर्गात यावीत तसे. आणि सगळ्यांत शेवटी खुर्चीच्या मागून, डाव्या कोपऱ्यातून, खालून, एक श्वास.

तो आत घेतलेला नव्हता. सोडलेला होता. लांब, थरथरता, संपतच नाही असा. माझ्या पायांना त्याची ऊब लागली. कोपऱ्यातला दबलेला फोम सावकाश वर आला. पाठ उचलल्यावर उशी येते तसा. काचेच्या चौकोनावर आतून, अगदी खालच्या कडेला, वाफेचा एक लहान गोल उमटला. मग तो वर वर सरकत गेला.

मी डोळे मिटले. मला बघायचं नव्हतं असं नाही. पाच तास श्वास धरून बसवल्यावर आणखी टक लावून बघणं मला बरं वाटेना.

काहीतरी माझ्या बाजूनं दारातून गेलं. किंवा वारा असेल. त्या मजल्यावर वारा येत नाही.

९

मी फोन केला आणि मास्तर साडेतीनला परत आले. काकूंनी गाडी कशी हाणली असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी त्यांना खरं सांगितलं. म्हणजे एवढंच, की चूक माझी आहे आणि एकही वाक्य उरलेलं नाही. ते रागावले नाहीत, आणि मला ते जास्त लागलं.

“गाडी बंद पडली की शिकणारा काय करतो?” त्यांनी विचारलं.

“पुन्हा चालू करतो.”

“नाही. आधी माझ्याकडे बघतो. तसं बघू नकोस. चालू कर.”

मी दार उघडलं, शांत राहायला सांगितलं, साठ सेकंद भरले, “झालं हं, सोडा श्वास” म्हटलं. मग हेडफोन लावून काचेपाशी बसले. तीनशे वाक्यं ऐकली. सकाळी जी खरखर होती ती आता चिरली होती. शंभराव्या वाक्यानंतर प्रत्येक शब्दाला त्यांना जोर लावावा लागत होता. मी “पुन्हा एकदा, मास्तर” असं फक्त चारदा म्हटलं. शेवटचं वाक्य त्यांनी काचेतून काकूंकडे बघत वाचलं. दमानं घे, रस्ता कुठे पळून जात नाही.

साडेपाचला ‘आत्ता प्रत घ्या’ दाबलं. नकाशावर फिके चौकोन उमटत गेले, एकामागून एक, अंधारात खिडक्या उजळाव्यात तसे. काळ्या चौकोनाकडे फक्त एक बोट वाढलं. सकाळच्या पाच तासांच्या फाइली मी पुसल्या नाहीत. त्यांना जागा लागत नाही. आणि कुणीतरी ते कष्टानं केलेलं आहे.

फळ्यावरचा कागद त्याच संध्याकाळी काढला. गुरुवारी काका आले तेव्हा त्याच्या जागी दुसरा होता, माझ्या नावासकट. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “शुद्धलेखन बरं आहे तुझं.” चहाच्या वेळी मी विचारलं की मुळात ते कुणाला सांगायचे. काका म्हणाले, “पहिल्या दिवशी असंच गमतीनं म्हटलं. आणि खोली खरंच शांत झाली. एवढं कुणी ऐकतंय म्हटल्यावर ‘झालं’ न म्हणता कसं जायचं?”

तीन आठवड्यांनी मास्तर टॅब घ्यायला आले. गळ्याला पट्टी, वजन उतरलेलं. मी टॅब हातात दिला. त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं, मग एक बटण दाबलं.

“आरशात बघ,” टॅब मास्तरांच्या आवाजात म्हणाला, “स्वतःला नाही, मागच्याला.”

काकू खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. मास्तर त्यांच्या पाठीवर थोपटत होते आणि दुसऱ्या हातानं पुढचं बटण शोधत होते.

१०

आता दोन्ही वाक्यं मीही म्हणते. काका नसले की रेकॉर्डिंग माझ्याकडे असतं. पहिलं नीट म्हणते. दुसरं, खरं सांगायचं तर, दार ढकलता ढकलता, कारण बाहेर माणूस ताटकळत असतो आणि मला अजूनही घाई असते. “झालं हं, सोडा श्वास, या तुम्ही, बसा.” सगळं एका दमात. फोम बदलायची नोंद मी यादीतून खोडली. नकाशाचं बटण रोज बघते, दाबत नाही.

परवा असंच म्हणून मी माणसाला आत बोलावत होते. मावशी पुसायचं फडकं पिळत दाराशी उभ्या होत्या. त्यांनी त्या माणसाला हातानंच थांबवलं आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या:

“ताई, ‘झालं’ म्हटल्यावर जरा थांबत जा हो. लगेच कुणाला आत पाठवू नका. तिला उठायला वेळ लागतो.”